नाणेफेकीची संभाव्यता

नाणे उडवल्यावर छापा पडेल की काटा हे आधी सांगता येत नाही, पण दोन्हींची शक्यता आकड्यात मांडता येते. हा आकडा म्हणजे संभाव्यता. अशक्य घटनेची संभाव्यता ०, निश्चित घटनेची १. समतोल नाण्याच्या दोन्ही निष्पत्ती, म्हणजे निकाल, समसंभाव्य (सारख्याच शक्यतेच्या), म्हणून प्रत्येकीची १/२.

सगळा हिशेब नमुना अवकाश, म्हणजे शक्य निष्पत्तींचा संच, नीट लिहिण्यावर अवलंबून असतो. नाणे दोनदा उडवले तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चार निष्पत्ती मिळतात. निदान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४. फ्रेंच गणितज्ञ द'आलंबेर यांनी मात्र १७५४ मध्ये ती २/३ सांगितली. पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच (छापा, काटा-छापा, काटा-काटा), असा त्यांचा युक्तिवाद. त्या तीन शक्यता आहेत खऱ्या, पण समसंभाव्य नाहीत: पहिलीची संभाव्यता १/२, उरलेल्या दोघींची प्रत्येकी १/४. दहावीचे विद्यार्थी आजही इथेच अडखळतात. मोजण्याआधी समसंभाव्यता तपासायची सवय सूत्र पाठ करण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

तीन फेकींना आठ निष्पत्ती होतात. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये कसोटी सामने झाले. पहिल्यात ऑस्ट्रेलियाने, दुसऱ्यात भारताने, तिसऱ्यात न्यूझीलंडने नाणेफेक जिंकली, आणि तिन्ही वेळा सामनाही त्याच संघाने जिंकला. मग गहुंजेला नाणेफेकीवरच सामना ठरतो का? समजा, नाणेफेकीचा काहीच फायदा नसतो. संघ बलाढ्य असो वा दुबळा, नाणे कुणाची बाजू घेत नाही; त्यामुळे निकाली सामन्यात नाणेफेक जिंकणाराच विजयी होण्याची संभाव्यता १/२, आणि ओळीने तिन्ही वेळा तसे घडण्याची १/८. हे काही दुर्मीळ नव्हे. खेळपट्टीचा परिणाम असेलही, पण तीन सामन्यांवरून तो सिद्ध होत नाही.

प्रत्येक फेक स्वतंत्र असते. ओळीने पाच छापे पडले तरी सहाव्या वेळी काट्याची संभाव्यता १/२ च राहते; ‘आता काटा यायलाच हवा’ हा समज चुकीचा. दीर्घकाळात गुणोत्तर १/२ कडे सरकते ते मागची भरपाई होऊन नव्हे, तर नव्या फेकींच्या संख्येपुढे जुना फरक किरकोळ ठरतो म्हणून. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना गणितज्ञ जॉन केरिच यांनी १०,००० वेळा नाणे उडवले. छापे आले ५,०६७. निम्म्यापेक्षा ६७ जास्त, तरी प्रमाण ५०.६७ टक्के.

हाताने उडवलेले नाणे अगदी नि:पक्षपाती नसते. गणितज्ञ पर्सी डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गणिताने दाखवले, की उडवताना वर असलेलीच बाजू पुन्हा वर येण्याची संभाव्यता सुमारे ०.५१ असते. छापा की काटा सांगणाऱ्याला सुरुवातीची बाजू दिसली नाही, तर मात्र त्याचा अंदाज बरोबर येण्याची संभाव्यता १/२ च राहते.