इंग्रज गेले १९४७ला, राजा गेला १९५०ला

आमच्या अमळनेरच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात निकेलचा एक जुना रुपया असतो. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला सहाव्या जॉर्जचं मुकुट घातलेलं डोकं, साल १९४७. यंदा पुतणीने विचारलं, "काका, स्वातंत्र्याच्या वर्षीच्या नाण्यावर इंग्रजांचा राजा कसा?" नाणं ऑगस्टच्या आधीचं असेल, असं सांगून मला सुटता आलं असतं. पण तीच नाणी पुढे तीन वर्षं चालली. रुपयावर अशोकस्तंभाचे सिंह आले ते १५ ऑगस्ट १९५०ला.

स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक यांची गल्लत होते, कारण आपल्यासाठी दोन्ही झेंडावंदनाचे दिवस. प्रभातफेरी तीच, ग्रामसभा तशीच. पण १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान झेंडा फडकवतात आणि २६ जानेवारीला कर्तव्यपथावर राष्ट्रपती. १९४७ला आपल्याकडे राष्ट्रपती हे पदच नव्हतं.

कारभार कोण करणार, हा स्वातंत्र्याचा प्रश्न. तो १९४७ला सुटला. त्या कारभाराला अधिकार कुणाच्या नावाने मिळतो, हा प्रजासत्ताकाचा प्रश्न, आणि तो अडीच वर्षं तसाच राहिला. भारत तेव्हा डोमिनियन होता, म्हणजे कारभार आपला, पण राजा ब्रिटनचाच. सहाव्या जॉर्जने 'भारताचा सम्राट' ही पदवी १९४८ मध्ये सोडली, तरी तो भारताचा राजा होताच. आधी माउंटबॅटन आणि २१ जून १९४८ पासून राजगोपालाचारी हे त्याचेच गव्हर्नर-जनरल, म्हणजे प्रतिनिधी. २६ जानेवारी १९५०ला राजेंद्रप्रसादांनी शपथ घेतली आणि ते नाव पुसलं गेलं.

या दोन प्रश्नांची दोन गावं खान्देशातच आहेत. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार तिरंगा हातात घेऊन गोळीला सामोरा गेला. 'चले जाव'चा तो काळ, मागणी स्वातंत्र्याची. त्याच्या सहा वर्षं आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे भारताच्या कारभारासाठी इंग्रजांनी केलेला १९३५चा कायदा नाकारला गेला आणि प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीची मागणी पुन्हा झाली. म्हणजे आमची घटना आम्हीच लिहू. १९५०ची वाट फैजपुरावरून जाते, आणि २६ जानेवारीच्या भाषणांत फैजपूरचं नाव फारसं येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुतणीला मी सातबाऱ्यावरून समजावलं. वावर तुम्ही कसता, कापूस तुमचा, पैसा तुमच्या हातात येतो, पण उताऱ्यावर नाव जुन्या धन्याचं. फेरफार झालेलाच नाही. एरवी काही अडत नाही, भांडण लागलं की अडतं. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ला गव्हर्नर-जनरल जॉन केर यांनी निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केलं. ब्रिटनची राणी एलिझाबेथ हीच ऑस्ट्रेलियाचीही राणी, पण तिने केर यांना तसं सांगितलं नव्हतं. मुकुटाच्या नावाने मिळालेला अधिकार केर यांनी स्वतःच वापरला. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली आणि व्हिटलम हरले, हेही खरं. तरी त्यांना घालवायचं की ठेवायचं, हे आधी लोकांना विचारायला हवं होतं.

आजही ब्रिटन धरून १५ देशांचा राजा चार्ल्स आहे. स्वतंत्र झालेल्या या देशांनी प्रजासत्ताक व्हावं का? माझं उत्तर 'व्हावं' असं आहे, आणि त्याचं कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या, १९६२ मध्ये जळगावहून आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील २००७ला राष्ट्रपती झाल्या. याच देशांपैकी जमैकातली मुलगी कितीही शिकली, कितीही कर्तबगार निघाली, तरी देशाचं सर्वोच्च पद तिला मिळू शकत नाही. ते लंडनच्या एका घराण्यात वारसाने जातं. बार्बाडोस १९६६ला स्वतंत्र झाला आणि ५५ वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२१ला, प्रजासत्ताक. आधी राणीच्या गव्हर्नर-जनरल असलेल्या सँड्रा मेसनच पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. बाई त्याच, पण आता त्यांना निवडलं होतं त्यांच्याच देशाच्या संसदेने.

मात्र राजा नको एवढं ठरून भागत नाही. ऑस्ट्रेलियाने ६ नोव्हेंबर १९९९ला सार्वमत घेतलं आणि सुमारे ५५ टक्के लोक 'नाही' म्हणाले. त्यातल्या अनेकांना राजेशाही हवी होती असं नाही. प्रस्तावात राष्ट्राध्यक्ष संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायचा होता, आणि त्यांना तो थेट जनतेने निवडायला हवा होता. आपल्याकडे खासदार-आमदार मिळून राष्ट्रपती निवडतात, ते घटना समितीने आधीच ठरवून टाकलं होतं. प्रजासत्ताक म्हणजे आपोआप लोकशाही, असंही नाही. फिजी १९८७ मध्ये प्रजासत्ताक झाला तो लष्करी उठावातून.

राष्ट्रकुलाचं, म्हणजे मुख्यतः ब्रिटनच्या जुन्या वसाहतींच्या संघटनेचं, कोडं तर आपणच सोडवलं. राजाला सोडलं की राष्ट्रकुलातून बाहेर पडावं लागेल, अशी तेव्हा समजूत होती. एप्रिल १९४९ला लंडनमध्ये तोडगा निघाला: भारत प्रजासत्ताक होऊनही सदस्य राहील, राजाला फक्त या संघटनेचा प्रमुख मानेल. आज ५६ सदस्यांत बहुसंख्य प्रजासत्ताकं आहेत.

जमैकाच्या संसदेत डिसेंबर २०२४ला प्रजासत्ताकाचं विधेयक मांडलं गेलं. वाद राजावरून कमी आणि शेवटच्या अपिलावरून जास्त आहे, कारण जमैकाचे खटले अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या अपील न्यायालयाकडे, जातात. प्रजासत्ताक झाल्याने ते आपोआप थांबत नाही. त्रिनिदाद १९७६ पासून प्रजासत्ताक आहे, तरी त्याचं शेवटचं अपील आजही तिथेच चालतं. भारताने ही वाट १० ऑक्टोबर १९४९लाच बंद केली होती, राजा उताऱ्यावर असतानाच.