पर्युदरांतर्गत केमोथेरपी

कर्करोगावरील औषधे शिरेतून न देता थेट पोटाच्या पोकळीत सोडण्याची उपचारपद्धती. उदरपोकळीला आतून अस्तरासारखे लागलेले आणि आतडी, जठर, यकृत यांच्यावर पसरलेले पातळ पटल म्हणजे पर्युदर. अंडाशय, मोठे आतडे, अपेंडिक्स व जठर यांचे कर्करोग पुष्कळदा या पटलावर दाण्यादाण्यांनी विखुरतात आणि पोटात पाणी साठते. गोव्यात घरची माणसे ‘पोटात पाणी झालंय’ एवढेच सांगून रुग्णाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आणतात. त्या पाण्याचे कारण बहुधा यकृताचा आजार असते, पण काही वेळा हा रोग असतो.

उगम : पद्धतीचा उगम नेमका कोठे धरावा यावर एकमत नाही. काही लेखक सुश्रुतसंहितेतील दकोदराच्या (पोटात पाणी साठण्याच्या रोगाच्या, म्हणजेच जलोदराच्या) चिकित्सेपर्यंत मागे जातात. तेथे बेंबीच्या खाली डाव्या बाजूस व्रीहिमुख (भाताच्या दाण्यासारख्या टोकाच्या) शस्त्राने छिद्र करून, दोन तोंडांच्या नळीने पाणी काढावे, मात्र ते एकाच दिवशी सगळे काढू नये, असे सांगितले आहे. हा उपदेश आजही पटण्याजोगा आहे. तरीही सुश्रुत पोटातील पाणी बाहेर काढतो, आत औषध सोडत नाही. म्हणून त्याला या पद्धतीचा जनक म्हणणे ओढूनताणून वाटते. अठराव्या शतकात, १७४३-४४ च्या सुमारास, क्रिस्टोफर वॉरिक या इंग्रज शल्यचिकित्सकाने जलोदराच्या एका स्त्रीचे पाणी काढून त्या जागी ब्रिस्टलचे खनिजजल व क्लॅरेट मद्य भरले. पोकळीत द्रव सोडून रोग आवरण्याचा विचार येथे स्पष्ट दिसतो, पण कर्करोगाचा संबंध नाही. १९५५ मध्ये वाइसबर्गर व सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगात नायट्रोजन मस्टर्ड हे कर्करोगावरील औषध पोटात दिले. त्यांचा भर मुख्यतः पुन्हापुन्हा साठणारे पाणी थांबवण्यावर होता.

शास्त्रीय पाया घातला तो रॉबर्ट डेड्रिक व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये, आणि खरा आरंभ तेथेच मानणे अधिक योग्य. डेड्रिक रसायन अभियंता होते. पर्युदरी डायलिसिसमधील (पोटात द्रव भरून रक्त शुद्ध करण्याच्या उपचारातील) पदार्थांच्या वहनाचा आधार घेऊन त्यांनी हिशेब मांडला. पाण्यात विरघळणारे मोठे रेणू पर्युदरातून रक्तात हळू झिरपतात, पण रक्तात पोचल्यावर लवकर बाहेर टाकले जातात. त्यामुळे पोटात औषधाची तीव्रता रक्तापेक्षा कितीतरी पट राहते. कर्करोगावरील औषधांपैकी सिस्प्लॅटिनसाठी हे प्रमाण दहा ते वीस पट, तर पॅक्लिटॅक्सेलसाठी हजार पटीच्या आसपास सांगतात.

गरम द्रावणाचा प्रकार (हायपेक) नेहमी अमेरिकन शल्यचिकित्सक पॉल शुगरबेकर यांच्या नावाशी जोडला जातो. मानवी रुग्णावरील पहिला प्रयोग मात्र स्प्रॅट व सहकाऱ्यांचा दिसतो. तो अमेरिकेतील लुइव्हिल येथे झाला व १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. शुगरबेकरांचे श्रेय पर्युदर सोलून काढण्याच्या शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडण्याचे (१९९५), आणि ते मोठे आहे. कारण पोटात सोडलेले औषध गाठीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरते. डोळ्यांना दिसणारा रोग आधी काढला नसेल, तर कितीही औषध ओतून उपयोग होत नाही.

पद्धती : बरगडीच्या कडेला त्वचेखाली पोर्ट (औषध भरण्याची छोटी डबी) बसवतात व त्याची नळी पोटात सोडतात. पोर्टमध्ये सुई टोचून कोमट द्रवात मिसळलेले औषध भरतात. एकूण द्रव साधारण दोन लिटर होतो. नंतर परिचारिका दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायला लावते : उजवी, डावी, उताणे. पोट टम्म असताना हे सोपे नसते, पण औषध कोपऱ्याकोपऱ्यात पोचावे म्हणून ते आवश्यक. नंतर काही दिवस पेजेचे दोन घोट घेतले तरी पोट भरल्यासारखे वाटते. हायपेकमध्ये शस्त्रक्रिया संपताच, रुग्ण भुलीत असतानाच, ४१ ते ४३ अंश सेल्सियसचे द्रावण यंत्राने ३० ते ९० मिनिटे फिरवतात.

परिणाम : २००६ च्या अमेरिकन चाचणीत, अंडाशयाच्या तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगात, शिरेतून उपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) सुमारे ५० महिने, तर पोटातूनही औषध घेणाऱ्यांचे सुमारे ६६ महिने आढळले. मात्र पोटातील सहाही फेऱ्या केवळ ४२ टक्के स्त्रियांना पूर्ण करता आल्या. पोटदुखी, पोर्टचा जंतुसंसर्ग व हातापायांचा बधिरपणा ही मुख्य कारणे. हा आकडा आयुर्मानाच्या आकड्याशेजारीच वाचायला हवा. अंडाशयाच्याच कर्करोगातील २०१८ च्या डच चाचणीत हायपेकमुळे आयुर्मान सुमारे ३४ वरून ४६ महिन्यांवर गेले. मोठ्या आतड्याच्या रोगात मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाच्या हायपेकने आयुष्य वाढले नाही. शस्त्रक्रिया काळजीपूर्वक झालेल्या, हायपेक दिलेल्या व न दिलेल्या, दोन्ही गटांचे आयुर्मान जवळपास सारखेच, एक्केचाळीस महिन्यांवर होते.

गोव्यातील वाट : १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे गोमेकॉ हा राज्यातील बहुतेकांचा पहिला टप्पा. पुढे अनेकजण मडगाव किंवा थिवीहून कोकण रेल्वेने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायला जातात. सोबत अहवालांच्या फाइलबरोबर तपासलेल्या गाठीच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉकही न्यावे लागतात. पोट एकदा अर्धवट उघडून झाले की पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून पर्युदरावर रोग पसरल्याची शंका असेल, तर हे दुसरे मत पहिल्या शस्त्रक्रियेआधी घेतलेले बरे.