उंच उडालेला झेल आणि तुळशीबागेतला भाव

मिडविकेटच्या डोक्यावरून चेंडू उंच उडतो. सीमारेषेवरचा पोरगा वर बघत पळत सुटतो, मध्येच पळण्याचा वेग कमी करतो, शेवटी दोन पावलं झपाट्यानं टाकतो आणि झेल घेतो. चेंडूचा वेग, उडालेला कोन, वारा, हवेचा रोध हे सगळं धरून चेंडू कुठे पडणार ते काढायला बसलं, तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कागद-पेन्सिल लागेल. हा पोरगा मात्र गणितात काठावर पास झालेला असतो.

गंमत अशी, की तो हे गणित करतच नाही. चेंडू कुठे पडणार हे त्याला ठाऊक असतं, तर तो तिथे धावत जाऊन वाट बघत उभा राहिला असता. पण क्षेत्ररक्षक तसं करत नाहीत. ते पळत पळत नेमके चेंडूबरोबरच तिथे पोहोचतात. त्यांची युक्ती साधी आहे. नजर चेंडूवर रोखायची आणि चेंडूकडे बघण्याचा कोन सांभाळत पळायचं. नजर भराभर वर जायला लागली तर चेंडू डोक्यावरून जाणार, म्हणून मागे सरकायचं. खाली यायला लागली तर तो पुढेच पडणार, म्हणून पुढे धावायचं. बाकी सगळं विसरायचं. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बांधून त्यांना फ्रिस्बी पकडायला लावलं, तेव्हा कुत्रीही जवळपास असंच करतात असं दिसलं.

मानसशास्त्रात याला ह्युरिस्टिक म्हणतात. मराठीत त्याला काहीतरी संस्कृतप्रचुर प्रतिशब्द घडवायची गरज नाही. ‘ठोकताळा’ हा शब्द आपल्याकडे आहेच, आणि तो जास्त प्रामाणिक आहे.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांचा थवा धडकून एका विमानाच्या दोन्ही इंजिनांची ताकद गेली. विमानतळापर्यंत पोहोचता येईल का? वैमानिकांचा त्यासाठीचा ठोकताळा असा: समोरच्या काचेतून दिसणारी उतरायची जागा काचेत वर वर सरकत असेल, तर तिथवर आपण पोहोचत नाही. विमानतळ गाठता येणार नाही हे ओळखून कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं. विमानातले सगळे १५५ जण वाचले.

अमेरिकी संशोधक हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात अर्थशास्त्रज्ञांना हेच सांगितलं होतं: माणूस सगळे पर्याय तोलून सर्वोत्तम पर्याय निवडत बसत नाही, भागेल असा पहिला पर्याय दिसला की थांबतो. भाड्याची खोली शोधलेल्या कुणालाही हे सांगायला नको. सायमनना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

मग ठोकताळे फसतात कुठे? डॅनियल कानेमन आणि एमॉस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात एक प्रयोग सांगितला आहे. शाळेतल्या मुलांना पाच सेकंदांत अंदाज करायला सांगितलं. एका गटाला ८×७×६×५×४×३×२×१, दुसऱ्याला १×२×३×४×५×६×७×८. उत्तर एकच, ४०,३२०. पहिल्या गटाचा मधला अंदाज आला २,२५०, दुसऱ्याचा फक्त ५१२. सुरुवातीला जो आकडा दिसला, त्याच्या आसपासच मन घुटमळलं. दुसऱ्या प्रयोगात तर आकडा एका फिरत्या चाकावरून यायचा, आणि ते चाक १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच सोय केलेली होती. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, या प्रश्नाशी त्या आकड्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरी १० दिसलेल्यांचा मधला अंदाज २५, आणि ६५ दिसलेल्यांचा ४५!

पहिल्या आकड्यापासून सुरू करून थोडं पुढेमागे सरकणं हा ठोकताळा एरवी बरा चालतो. गेल्या महिन्याचं वीजबिल आठवून या महिन्याचा अंदाज बांधतो, तो असाच. फरक इतकाच, की चेंडू आपल्याला फसवायला बसलेला नसतो. दुकानदार असू शकतो.

पुण्यात तुळशीबागेत मी एक पर्स बघत होतो, बहिणीसाठी. मनात तीनशेचा आकडा होता. विक्रेता म्हणाला, “साडेआठशे.” मी चारशेवर सुरुवात केली, घासाघीस करून साडेपाचशेला घेतली आणि मोठा पराक्रम केल्यासारखा घरी आलो.

मावशीनं पर्स उलटसुलट करून पाहिली. “भाव आधी कोण बोललं? तू की तो?”

पुढच्या रविवारी ती मला घेऊन तिथेच गेली. तशीच पर्स उचलली, आणि विक्रेत्यानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, “दीडशेला देणारेस का?” तो हसला, कपाळावर हात मारला, “मावशी, निदान अडीचशे तरी म्हणा.”

दोनशे वीसला सौदा झाला.