खुलासा : तोयामाच्या औषधविक्रेत्यांची पोटदुखीची गोष्ट

जपानमधल्या तोयामाच्या घरोघरी औषध विकण्याच्या धंद्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. 1690 साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात मिहारूच्या सरदाराच्या पोटात अचानक कळा आल्या. तोयामाचे अधिपती माएदा मासातोशी यांनी जवळची 'हांगोन्तान'ची गोळी दिली, दुखणं थांबलं, आणि बाकीच्या सरदारांनी 'आमच्याही मुलखात विका' म्हणून आग्रह धरला.

गोष्ट छान आहे, पण तिला त्या काळातल्या कागदपत्रांचा आधार नाही. एका गोळीने एवढा व्यापार उभा राहिला असं म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या पायपीट करणाऱ्यांचं श्रेय बुडतं, आणि ते मला खटकतं.

धंदा टिकला तो पद्धतीमुळे. विक्रेता औषधं घरी ठेवून जायचा. पुढच्या फेरीला किती वापरली ते मोजायचा, तेवढ्याचेच पैसे घ्यायचा, जुनी बदलून नवी ठेवायचा. पोरांना कागदी फुगे द्यायचा. त्याच्या वहीत प्रत्येक घराची नोंद असे : कोणतं औषध किती खपलं, किती पैसे आले. ही 'काकेबाचो' वही म्हणजेच घराण्याची खरी मिळकत. ती बापाकडून मुलाकडे जाई, विकलीही जाई, आणि वही घेणाऱ्याला तिच्यातली गिऱ्हाइकंही मिळत.