ठाण्यात जन्म-मृत्यूची नोंद आणि दाखला : कोणी, कोठे आणि किती दिवसांत

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपाशी होणारे निम्मे वाद नोंद आणि दाखला या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात. नोंद म्हणजे निबंधकाच्या नोंदवहीतली ओळ, आणि दाखला म्हणजे त्या ओळीचा सही-शिक्क्याचा उतारा. नोंद नसेल तर दाखला मिळत नाही, आणि नोंदीत चूक असेल तर दाखल्याच्या कितीही प्रती काढल्या तरी तीच चूक पुन्हा छापून येते. म्हणून दाखल्यासाठी अर्ज करण्याआधी नोंद झाली आहे का, कोणत्या कार्यालयात झाली आहे आणि तिच्यात नेमका काय मजकूर आहे, हे पाहणे हेच खरे पहिले काम आहे.

ही सारी व्यवस्था जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ या केंद्रीय कायद्यावर आणि त्याखालील महाराष्ट्राच्या २०००च्या नियमांवर चालते. कायद्यात २०२३ मध्ये मोठी दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरतो. शाळाप्रवेश, वाहन चालवण्याचा परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी आणि पासपोर्ट या सगळ्यांना तो लागणार आहे. पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागून जात असे. या मुलांचे तसे भागणार नाही.

नोंद कोठे होते?

नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते. कुटुंब कोठे राहते याच्याशी तिचा संबंध नसतो. ठाणेकरांची सर्वाधिक धावपळ या एका नियमामुळे होते, कारण ठाणे जिल्ह्यात एकट्या महापालिकाच सहा आहेत आणि पलीकडे मुंबईची हद्द लागून आहे. कोपरीत राहणाऱ्या कुटुंबातील बाळंतपण मुलुंडच्या हॉस्पिटलात झाले, तर नोंद बृहन्मुंबई महापालिकेकडे होते. कळव्याच्या रहिवाशाचा मृत्यू ऐरोलीच्या रुग्णालयात झाला, तर नोंद नवी मुंबई महापालिकेकडे होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची पद्धत लक्षात घेता हे विशेष सांगावेसे वाटते : सून साताऱ्याला माहेरी गेली असेल तर बाळाची नोंद साताऱ्यातच होणार, आणि पुढे नाव घालायचे असो वा दुरुस्ती करायची असो, मूळ कार्यालय तेच राहणार. आधारवर ठाण्याचा पत्ता आहे म्हणून ती नोंद इकडे आणता येत नाही.

धावत्या वाहनात जन्म किंवा मृत्यू झाल्यास वाहन जेथे प्रथम थांबते ते ठिकाण नोंदणीसाठी धरले जाते. घोडबंदर रस्त्यावरच्या वाहतूककोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेत कोणाचा अंत झाला, तर हा नियम लागू होतो. अशा वेळी रुग्णालयाने केस पेपरवर ‘दाखल करण्यापूर्वी मृत’ असे लिहिले असेल, तर त्या कागदाची प्रत जपून ठेवावी.

ठाणे महापालिकेच्या हद्दीतही नोंदणी केंद्रे वेगवेगळी असतात. त्यामुळे हॉस्पिटल कोणत्या केंद्राकडे अहवाल पाठवते, हे डिस्चार्ज घेतानाच विचारून कागदावर लिहून घ्यावे. मुख्यालयापासून प्रभाग समितीपर्यंत आणि तेथून आरोग्य केंद्रापर्यंतच्या फेऱ्या या एका प्रश्नाने वाचतात.

एकवीस दिवस

जन्म किंवा मृत्यूची खबर घटनेपासून २१ दिवसांच्या आत निबंधकाला देणे बंधनकारक आहे. घटना रुग्णालयात किंवा प्रसूतिगृहात घडली असेल तर खबर देण्याची जबाबदारी तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची असते, आणि घरी घडली असेल तर ती कुटुंबप्रमुखाची किंवा त्याच्या अनुपस्थितीत जवळच्या नातेवाइकाची असते. मुदतीत झालेल्या नोंदीला शुल्क नाही. नोंद पूर्ण झाल्यावर सात दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला पहिला दाखला, कागदी असो वा इलेक्ट्रॉनिक, विनामूल्य देणे हे निबंधकाचे कर्तव्य आहे. पुढच्या प्रतींसाठी मात्र शुल्क भरावे लागते.

मुदत टळली की काम एकेक पायरी वर चढते. २१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत गेल्यास विलंब शुल्क घेऊन निबंधकच नोंद करतो. ३० दिवस उलटल्यावर एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते व सोबत स्वसाक्षांकित कागदपत्र द्यावे लागते. पूर्वी येथे नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र लागत असे, ती अट २०२३च्या दुरुस्तीने काढली. वर्ष उलटले की प्रकरण महापालिकेच्या हातून निघून महसूल यंत्रणेकडे जाते. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांनी घटनेची खातरजमा करून आदेश दिल्याशिवाय निबंधक नोंद घेऊ शकत नाही. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागाने ही कार्यपद्धती अधिक कडक केली. तेव्हापासून पुराव्यांची पडताळणी, जाहीर सूचना आणि पोलिसांचा अभिप्राय या टप्प्यांतून अर्ज जातो, आणि खोटी माहिती दिल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. एकविसाव्या दिवशी एका फेरीत होणारे काम तेव्हा काही महिन्यांचे होऊन बसते.

या उशिराच्या अर्जासोबत प्रथम लागतो तो अनुपलब्धता दाखला, म्हणजे आमच्या नोंदवहीत अशी नोंद नाही असे निबंधकाने लेखी देणे. त्याला शाळेचा पहिल्या प्रवेशाचा उतारा, लसीकरणाचे कार्ड, रुग्णालयाचा जुना कागद, रेशनकार्ड यांची जोड द्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची असली तरी महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली, आणि तेव्हा आसपासची बरीच गावे तिच्या हद्दीत सामील झाली. अशा गावात त्यापूर्वी जन्मलेल्यांची नोंद जुन्या ग्रामपंचायतीच्या किंवा तहसीलच्या दप्तरात असण्याची शक्यता असते. नोंद नाहीच असे गृहीत धरून वर्षापलीकडच्या प्रक्रियेत उडी घेण्यापूर्वी हे दप्तर तपासून घेतलेले बरे.

जन्माची नोंद आणि बाळाचे नाव

हॉस्पिटल जो जन्म अहवाल भरते त्यात आई-वडिलांची नावे, पत्ता, शिक्षण, व्यवसाय इत्यादी माहिती असते, आणि पालकांचे आधार क्रमांक उपलब्ध असल्यास तेही घेतले जातात. हा कागद बहुधा परिचारिका किंवा नोंदणी कारकून बाळंतिणीला विचारून भरतो, आणि चुका तेथेच जन्माला येतात. माझ्या घरातल्या एका नोंदीत आईचे नाव माहेरच्या आडनावासह आणि वडिलांचे नाव केवळ आद्याक्षरांत पडले होते, आणि ते लक्षात आले पासपोर्टच्या वेळी, म्हणजे चार वर्षांनी. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघतो, त्यामुळे रोमन लिपीतले स्पेलिंग आई-वडिलांच्या आधारवर किंवा पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर जुळवून, एका चिठ्ठीवर लिहून द्यावे व भरलेला अहवाल सही करण्यापूर्वी स्वतः वाचावा. ‘श्रद्धा’ देवनागरीत एकच असली तरी रोमन लिपीत ती तीन-चार प्रकारे लिहिता येते.

बारसे बाराव्या दिवशी किंवा त्याहूनही उशिरा होते आणि डिस्चार्ज तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिळतो, त्यामुळे बहुतेक नोंदी बाळाच्या नावाविना होतात. यात गैर काही नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यासाठी आई-वडिलांच्या सहीचा अर्ज, नाव नसलेला मूळ दाखला आणि दोघांची ओळखपत्रे लागतात. मूल शाळेत जाऊ लागले असेल तर शाळेचा बोनाफाईड दाखलाही सोबत ठेवावा. घाई करून हॉस्पिटलातच कोणतेतरी नाव सांगून टाकू नये, कारण रिकाम्या जागी नाव घालणे सोपे असते, तर एकदा घातलेले नाव ‘आता आवडत नाही’ म्हणून बदलणे हे दुरुस्तीच्या व्याख्येत बसत नाही.

एकल मातेला वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये असे स्पष्ट केले की अविवाहित किंवा एकल मातेने अर्ज केल्यास तिचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानून दाखला द्यावा. खिडकीवर कोणी अडवून धरल्यास या निकालाचा उल्लेख लेखी अर्जातच करावा. मृत जन्माची नोंद वेगळ्या नमुन्यात होते. मात्र बाळ काही क्षण जरी जगले असेल तरी त्याचा जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी कराव्या लागतात.

मृत्यू घरी झाल्यास

रुग्णालयातील मृत्यूत मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयच देते व त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही मिळते. खरी अडचण घरी झालेल्या मृत्यूत येते. अखेरच्या आजारात ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते, त्यांनी नमुना ४-अ मध्ये कारणाचे प्रमाणपत्र द्यायचे असते. हेच प्रमाणपत्र स्मशानभूमीत किंवा दफनभूमीत दाखवावे लागते, आणि तेथली पावती पुढे नोंदणीला लागते. घाईगर्दीत ही पावती भटजींच्या किंवा शेजाऱ्यांच्या खिशात राहून जाते. दहाव्या-बाराव्याच्या सुमारास तिची शोधाशोध सुरू होते. जवाहरबाग स्मशानभूमीत अंत्यसंस्कार असो वा आणखी कोठे, पावती ज्याच्या हाती पडेल त्याने तिचा तेथेच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

उपचार करणारे डॉक्टरच नसतील, मृत्यू अचानक झाला असेल, अथवा पडणे, भाजणे, अपघात, विषबाधा यांचा काही संबंध असेल, तर कोणत्याही डॉक्टरांनी केवळ ओळखीखातर प्रमाणपत्र देणे अयोग्य आहे व कुटुंबाने ते मागूही नये. अशा वेळी स्थानिक पोलीस ठाण्याला कळवावे. पंचनामा आणि आवश्यक तर शवविच्छेदन झाल्यावर पोलीस अंत्यसंस्कारासाठी कागद देतात. रेल्वेच्या हद्दीतील मृत्यूत हे काम लोहमार्ग पोलिसांकडे असते. हा विलंब त्या क्षणी असह्य वाटतो, परंतु अपघात विम्याचा दावा पुढे याच कागदांवर उभा राहतो. कारण कायद्यानेच मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहायला मनाई आहे. विमा कंपनीला कारण हवे असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत, पंचनामा किंवा शवविच्छेदन अहवाल द्यावा लागतो. दाखल्यावर कारण लिहून द्या असा हट्ट निबंधकाकडे धरून काही हाती लागत नाही.

मृत्यूच्या नोंदणीसाठी मृताचे आधार, अर्जदाराचे ओळखपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि स्मशानभूमीची पावती हे मुख्य कागद आहेत. मृताचे नाव बँक, भविष्य निर्वाह निधी आणि गृहनिर्माण संस्थेच्या भागदाखल्यावर जसे आहे तसेच नोंदले जाईल याची काळजी घ्यावी. एका ठिकाणी ‘विठ्ठल’ आणि दुसरीकडे ‘विठ्ठलराव’ एवढ्या फरकावर वारसांची प्रकरणे अडतात. बँका, विमा, पेन्शन, सोसायटी, सातबारा या सगळीकडे दाखला लागत असल्याने सुरुवातीलाच पाच-सहा प्रती घेऊन ठेवाव्यात.

दुरुस्ती, ऑनलाइन अर्ज आणि अपील

चूक लेखनाची असो वा मजकुराची, निबंधक मूळ नोंद खोडत नाही. समासात दुरुस्ती लिहून तारखेसह सही करतो. मजकुराची चूक, म्हणजे जन्मतारीख किंवा पालकाचे नाव, दुरुस्त करून घेण्यासाठी चूक कशी झाली हे सांगणारे घोषणापत्र आणि घटनेची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींची घोषणापत्रे लागतात. चूक हॉस्पिटलने पाठवलेल्या अहवालात असल्यास त्या हॉस्पिटलचे पत्र जोडावे. त्याने काम बरेच हलके होते.

केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीवर घरबसल्या खबर देता येते, आणि तेथून मिळणारा क्यूआर कोड असलेला दाखला ग्राह्य आहे. मात्र त्या प्रणालीसारखी दिसणारी बनावट संकेतस्थळे अनेक आहेत आणि त्यांवरचे दाखलेही हुबेहूब दिसतात. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच आहे का, आणि कोड स्कॅन केल्यावर तोच पत्ता उघडतो का, हे पाहावे. कार्यालयाबाहेर ‘दोन दिवसांत काढून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाकडून मिळालेला कागद बनावट निघाला, तर तो वापरणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते.

अर्ज प्रत्यक्ष दिल्यास आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. जन्म व मृत्यूचे दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांमध्ये आहेत. सेवेचा कालावधी, शुल्क आणि अपील अधिकाऱ्याचे पदनाम कार्यालयातील फलकावर लावलेले असणे आवश्यक आहे. मुदतीत दाखला न मिळाल्यास त्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. निबंधकाने नोंदच नाकारली किंवा चुकीचा आदेश दिला, तर नोंदणी कायद्याखाली ३० दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करावे लागते. हे ३० दिवस आदेश मिळाल्यापासून मोजले जात असल्याने नकार तोंडी न घेता लेखीच मागावा, आणि लेखी देण्यास टाळाटाळ झाल्यास आपला अर्ज त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने पाठवून टपालाची पावती फाइलला लावावी.