आरशातला तारा आणि रांगोळीचे ठिपके

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी चित्रकलेची कार्यशाळा आहे असे सांगितले, की घरच्यांची एक शंका ठरलेली असते: सकाळी केलेले ज्यांना संध्याकाळी आठवत नाही, त्यांच्याकडून चित्रे काढून घेऊन काय उपयोग? स्मृती नावाची एकच वस्तू असते आणि ती गेली की सगळेच गेले, असे येथे नकळत गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या एका साध्या प्रयोगाने मोडीत काढले. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा काढण्यात आला आणि त्यानंतर घडलेला कोणताही प्रसंग त्याच्या लक्षात राहीनासा झाला. मिल्नर यांनी त्याला दुहेरी रेषांनी काढलेला तारा दिला. हात थेट न पाहता, केवळ आरशात पाहून, दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची होती. (घरी करून पाहावे, कोपऱ्यावर पेन्सिल हमखास भलतीकडे जाते.) तीन दिवसांत मोलेसनच्या चुका झपाट्याने कमी झाल्या, मात्र आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला जराही आठवण नव्हती.

याचे कारण असे, की प्रसंगाची नोंद हिप्पोकॅम्पसमार्फत होते, तर हाताचे कौशल्य प्रामुख्याने बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातील पेशीसमूह) आणि अनुमस्तिष्क (मागच्या बाजूचा लहान मेंदू) यांच्या आधाराने घडते. अनुमस्तिष्कात अपेक्षित आणि प्रत्यक्ष हालचालींतील तफावतीचा संदेश ‘चढते तंतू’ नावाच्या चेतातंतूंवाटे तेथील पर्किंजे या मोठ्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो, त्याच पेशींना जोडलेल्या आणि त्या क्षणी कार्यरत असलेल्या ‘समांतर तंतूं’चे जोड क्षीण होतात आणि पुढची हालचाल किंचित सुधारते. अल्झायमरमध्ये टाऊ या चेतापेशींतील प्रथिनाचे गुंते आरंभी हिप्पोकॅम्पसच्या परिसरात साचतात. अनुमस्तिष्क बराच काळ तुलनेने सुरक्षित राहते.

अशा एका कार्यशाळेत नातवाचे नाव चुकणाऱ्या आजींपुढे रांगोळीची वाटी ठेवली होती. ‘किती ठिपक्यांची काढायची?’ या प्रश्नाने त्या बावरल्या. शेजारच्या बाईंनी फरशीवर चार ठिपके घातले, तेव्हा आजींनी न बोलता चिमूट भरली आणि पाचवा ठिपका नेमक्या अंतरावर पडला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००६ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातही चित्रासमोर बसवून समोर काय दिसते, काय वाटते, यावरच गप्पा होत असत. स्मरणशक्तीची परीक्षा नसे.

अर्थात, रंगपेटीने मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. मंडल रंगवून किंवा ‘बुद्धिवर्धक’ चूर्ण घेऊन आजार उलटतो, असे सांगणाऱ्या जाहिराती सरळ दुर्लक्षाव्यात. कार्यशाळेमुळे त्या वेळेपुरते मन रमते, बोलणे वाढते, सोबत आलेल्या मुलीला किंवा सुनेलाही उसंत मिळते, आणि एवढ्यासाठीही ती घ्यावी. शिवाय हातांची ही शिदोरी सर्वांकडे सारखी उरत नाही: पार्किन्सनशी निगडित स्मृतिभ्रंशात बेसल गँग्लियाच बाधित असतात, आणि अल्झायमरच्या पुढच्या टप्प्यात बटण लावण्याची क्रियाही विस्कटते.

म्हणून नाव नोंदवताना निदानाच्या कागदांबरोबर आणखी एक माहिती घ्यावी: या हातांनी आयुष्यभर काय केले? भाकऱ्या थापणाऱ्या हातांना माती द्यावी, शिंपीकाम केलेल्यांना कापड, आणि ज्यांनी कधीच ब्रश धरला नाही त्यांच्या हाती पहिल्याच दिवशी बारीक ब्रश देऊ नये.