वाळवंटातला स्वेटर

"दादा, आम्ही वाळवंटात आहोत आणि मी स्वेटर घातलाय." आतेबहिणीचा हा निरोप आला आणि पाठोपाठ फोटोही. मागे पिवळ्या वाळूची टेकडी, पुढे शिशासारखा करडा समुद्र, मध्ये गारठलेली ही आणि तिचा नवरा. केप टाऊनहून निघालेलं त्यांचं जहाज एका दिवसासाठी नामिबियातल्या वॉल्व्हिस बे बंदरात थांबलं होतं. मध्य प्रदेशातल्या कुनोत 2022 साली पहिले 8 चित्ते आले, ते याच नामिबियातले. एवढ्याशा मुक्कामात जहाजवाले तिथे दोन सहली देतात. एक बोटीतून पेलिकन पॉइंटच्या वाळूच्या जिभेवर, सील आणि डॉल्फिन बघायला. दुसरी जीपमधून दक्षिणेला सँडविच हार्बरकडे, जिथे वाळूच्या टेकड्या सरळ समुद्रात उतरतात. हिने दोन्ही केल्या.

संध्याकाळी दुसरा निरोप आला. "गाइड म्हणाला, हे पाणी अंटार्क्टिकाहून वाहत येतं म्हणून एवढं गार. खरं का रे?"

उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण हा विषय माझा फार लाडका, म्हणून इथे सविस्तर लिहितो. गाइडचं अगदीच चुकलं असं नाही. या किनाऱ्याने बेंगुएला नावाचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो आणि तो थंडच आहे. पण वॉल्व्हिस बे जवळजवळ मकरवृत्तावर आहे. एवढ्या उन्हात इतका लांबचा प्रवास करून आलेलं पाणी बरंच कोमट व्हायला हवं. तरी किनाऱ्यालगत ते बारा ते पंधरा अंशांच्या आसपास असतं, आणि गंमत म्हणजे किनारा सोडून खोल समुद्रात गेलं की त्याच अक्षांशावर जास्त गरम होतं. गारवा दक्षिणेकडूनच येत असता तर तो किनाऱ्याला असा चिकटून का बसला असता? तो येतो खालून.

तो कसा, हे समजायला थोडं उत्तर ध्रुवाकडे जावं लागेल. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन 1893 साली 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून त्याच्याबरोबर वाहत निघाला. त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, वाऱ्याच्या उजवीकडे वीस ते चाळीस अंश कलून जातो. या कोड्याचं गणित सोडवलं एकमन या तरुण स्वीडिश संशोधकाने. त्याचा सविस्तर लेख 1905 चा.

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवा आणि वरच्या पत्त्यावरून हात फिरवा. वरचा पत्ता सरकतो, तो खालच्याला थोडा ओढतो, तो त्याच्या खालच्याला आणखी थोडा. वारा समुद्राला असाच ओढतो, थराथराने. पण पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे वाहणारी प्रत्येक गोष्ट उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. वरचा थर वाऱ्यापासून थोडा वळला. दुसऱ्या थराला ओढणारा हा वरचा थर आहे, वारा नव्हे, म्हणून दुसरा त्याहून थोडा जास्त वळला. तिसरा आणखी. खाली जावं तसा वेग मरत जातो आणि दिशा फिरत जाते, जणू गोल जिना. या सगळ्या थरांची बेरीज केली की उत्तर फार देखणं येतं: एकूण पाणी वाऱ्याशी बरोबर काटकोनात सरकतं. वारा उत्तरेला वाहत असेल तर दक्षिण गोलार्धात पाणी पश्चिमेला.

आता नकाशा बघा. नामिबियाचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण, पूर्वेला जमीन, पश्चिमेला अटलांटिक. वारा वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे, किनाऱ्याला समांतर. म्हणजे वरचं पाणी सतत किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. पूर्वेकडून त्याची जागा भरायला कोण येणार? तिकडे तर वाळू. मग पाणी खालून वर येतं, शे-दोनशे मीटर खोलीवरचं, अंधारातलं, गार. याला अपवेलिंग म्हणतात.

किती पाणी? आकडे आवडत नसतील त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. वाऱ्याचा पाण्यावरचा ताण भागिले पाण्याची घनता, भागिले पृथ्वीच्या फिरण्याचा त्या अक्षांशावरचा गुणांक. ताशी तीस किलोमीटरचा वारा धरला तर ताण सुमारे 0.1 पास्कल. घनता घनमीटरला 1025 किलो. गुणांक मकरवृत्ताजवळ 0.000057. उत्तर येतं सेकंदाला 1.7 घनमीटर, किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ पावणेदोन टाक्या दर सेकंदाला, आणि तेही फक्त एका मीटर रुंदीत. हे पाणी वीस किलोमीटरच्या पट्ट्यातून वर येतंय असं धरलं तर त्याचा वर चढण्याचा वेग पडतो दिवसाला सात-आठ मीटर. गोगलगाय याहून वेगाने जाते. तरी शेकडो किलोमीटर किनाऱ्यावर हे सतत चालू असतं, म्हणून समुद्र गार राहतो.

(पाण्याच्या वळण्यावरून आठवलं. विषुववृत्तावरच्या काही गावांत पर्यटकांना बादलीतलं पाणी इकडे उजवीकडे आणि दहा पावलांवर डावीकडे फिरवून दाखवतात आणि पैसे घेतात. ती हातचलाखी आहे. बादलीएवढ्या पाण्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम इतका नगण्य असतो की पाणी ओतताना मनगट जिकडे वळलं तिकडे ते फिरतं.)

कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र आणि पाऊस वेगळे काढता येत नाहीत. इथे समुद्र पायाशी आणि पाऊस वर्षाला 20 मिलिमीटरसुद्धा नाही. कारण तेच गार पाणी. ढग व्हायला हवा वर चढावी लागते, आणि चढण्यासाठी ती खालून तापावी लागते. इथे उलटं होतं. समुद्रालगतची हवा गारठून जड होते, वर कोरडी गरम हवा झाकणासारखी बसते. बाष्प त्या झाकणाखाली कोंडतं आणि त्याचं धुकं होतं. वर्षातले शंभराहून जास्त दिवस हे धुकं किनाऱ्यावरून आत वाळवंटात शिरतं. वाळवंटातला एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडात घेतो. (त्याची 'हवेतून पाणी काढणाऱ्या जादुई बाटल्यां'शी जोडलेली कहाणी फिरते, तिच्यात दोन भुंगेऱ्यांची गल्लत झालीय. बाटल्यांना प्रेरणा देणारा पाठीवर फोड असलेला भुंगेरा वेगळा, आणि शीर्षासन करणारा वेगळा. त्याची पाठ तशी खडबडीत नाही.)

याच धुक्याने उत्तरेचा स्केलेटन कोस्ट बदनाम केला. शापित किनारा, जहाजं गिळणारा किनारा वगैरे व्हिडिओ मराठीतही निघालेत. धुक्यात काही दिसत नाही, वाळूचे दांडे सरकत राहतात, आणि जहाज फुटल्यावर पोहत किनाऱ्याला लागलेल्याला प्यायला पाणी मिळत नाही. शापाची गरज कुठे पडली?

पण वर येणारं पाणी नुसतं गार नसतं. वर मेलेलं सगळं खाली पडून कुजतं, त्यामुळे खोल पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठलेलं असतं. तेच वर आलं, वर ऊन मिळालं, की प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, पीक येतं. त्यावर तारली, तारलीवर सील, डॉल्फिन, पाणकावळे. खाडीतल्या उथळ पाण्यात हजारो फ्लेमिंगो चिखल गाळत उभे असतात. मोठा आणि छोटा, ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या त्याच दोन जाती. सील बोटीवर चढून मासा मागतो तो फोटो बहिणीनेही पाठवला. त्याला मासे चारून चारून ही सवय लावलीय, ते मला पटत नाही. तिला सांगितलं, तर म्हणाली, "पण किती गोड होता!" पुढे काय बोलणार?

या समृद्धीला तळाशी एक घाण बाजूही आहे. खायला कोणी उरलं नाही की प्लवक मरून तळाला चिखल होतो. तो कुजताना प्राणवायू संपतो, मग काही जिवाणू प्राणवायूऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कधी कधी हा वायू एकदम वर येतो. समुद्र दुधाळ हिरवा होतो, उपग्रहांनाही दिसतो, आणि गावभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मासे मरतात. त्या चिखलात 1997 साली हाइडे शुल्त्स या जर्मन संशोधिकेला एक जिवाणू सापडला, डोळ्यांना दिसणारा, पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढणारा, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या जवळपास. त्याच्या नावाचा अर्थ 'नामिबियाचा गंधकमोती'. पोटात नायट्रेटचा साठा बाळगून तो हा विषारी वायू गिळतो. त्याच्या जातभाईने 2022 साली आकाराचा विक्रम मोडेपर्यंत हाच जगातला सर्वांत मोठा ज्ञात जिवाणू होता.

हे सगळं बहिणीला लिहून पाठवलं. "थराथराच्या जिन्यात मी हरवले," असं उत्तर आलं, "पण पुढच्या वर्षीचं सांग. डिसेंबरात जहाज ओमानमध्ये सलालाला थांबणार आहे, तिथेही वाळवंट आणि समुद्र."

सलालाला हाच खेळ चालतो, पण तिथे वारा मोसमी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तो नैऋत्येकडून किनाऱ्याला समांतर वाहतो, उत्तर गोलार्ध असल्याने पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जातं, गार पाणी वर येतं, डोंगर धुक्याने भरून हिरवे होतात. आखातात नोकरी करणारी आपली मंडळी तेव्हा तिथे मुद्दाम पावसाळा बघायला जातात. डिसेंबरात वारा उलटा फिरलेला असतो आणि पाणी किनाऱ्याकडे ढकललं जातं. स्वेटर नको, असं कळवलंय.